कमरेचा कोयता, खिशातली सुरी

पावसाळा सरत आला की खांडसहून भीमाशंकरकडे चढणाऱ्या वाटांवर शनिवार-रविवारी पाठपिशव्यांची रांग लागते. शिडी घाट असो की गणपती घाट, प्रत्येक टोळीत एक तरी गडी असा असतोच की त्याच्या पट्ट्याला काळी म्यान लटकलेली असते. म्यानात सात-आठ इंची सुरी, तिच्या पाठीला करवतीचे दाते, मुठीच्या बुडात होकायंत्र. ‘हंटिंग नाईफ’ या नावाने ती ऑनलाइन घेतलेली असते. टोळीच्या पुढे खालच्या ठाकूरवाडीतला वाटाड्या चालत असतो. त्याच्या कमरेला मागच्या बाजूस लाकडी आकडी बांधलेली असते आणि तीत एक काळपट कोयता अडकवलेला असतो. वाटेवर आलेली घाणेरी तोडायची, आडवी पडलेली फांदी बाजूला करायची, चुलीसाठी वाळकी काटकी फोडायची, ही सगळी कामं तो कोयता करतो. कांदा, दोरी आणि खाऊची पाकिटं कुणीतरी घरून आणलेल्या चार इंची स्वयंपाकाच्या सुरीने कापली जातात. काळ्या म्यानातली सुरी बाहेर येते ती फोटोपुरती.

हसण्यासारखं यात काही नाही. ती सुरी वाईट असेलच असंही नाही. तिची अडचण एवढीच की ती मधल्या मापाची आहे. तोडायला हलकी आणि कापायला जड. रानात नेण्याचं हत्यार निवडताना बहुतेकांची चूक इथेच होते. सगळी कामं एका पात्याने व्हावीत म्हणून मधलं माप घेतलं जातं आणि मग एकही काम धड होत नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगराळ पट्ट्यात हा प्रश्न फार पूर्वीच सुटलेला आहे. तोडायला कोयता, कापायला लहान सुरी. पुढचं सगळं या दोन पात्यांविषयी.

आधी तोडणं आणि कापणं यातला फरक पाहू. कापताना पातं वस्तूवरून सरकतं आणि हात त्याला दिशा देतो. तिथे पातं पातळ हवं आणि धार बारीक हवी. वजनाचा उपयोग नाही, उलट अडथळाच. तोडताना पातं वेगाने येऊन आदळतं आणि हाताचं काम त्याआधीच संपलेलं असतं. तिथे वजन हवं, तेही मुठीपासून लांब, पात्याच्या पुढच्या निम्म्या भागात. टोकाचा वेग सर्वांत जास्त असतो आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून अर्धा-पाऊण किलोचा कोयता मनगटाच्या एका झटक्यात अंगठ्याएवढी फांदी खाली आणतो आणि पाव किलोची सरळ सुरी त्याच फांदीवरून उसळते.

कोयत्याच्या पात्याचा बाकही शोभेसाठी नाही. ओल्या फांदीवर सरळ धार आदळली की ती बाहेरच्या बाजूला घसरू पाहते. आत वळलेली धार फांदीला स्वतःकडे ओढून धरते आणि आदळता आदळताच थोडी सरकते, म्हणजे तोडण्यात कापणंही मिसळतं. करवंदीच्या जाळीत हात न घालता फांदी पुढे ओढून घ्यायची असेल तर तेच वाकडं टोक आकड्याचं काम करतं. सुरीच्या टोकाने हे करायला गेलात तर मनगटावर ओरखडे ठरलेले.

हा आकार घडला तो मुख्यतः भातशेतीमुळे. कर्जतच्या खाचरात भाताची रोपं लावण्याआधी रोपवाटिकेची जमीन भाजायची, हा राब. ऐन-किंजळाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर पसरायचे, वर माती टाकायची आणि उन्हाळ्यात पेटवायचं. तण आणि किडे जळतात, राख खत होते आणि पहिल्या पावसात त्या वाफ्यावर रोपं तरारतात. यासाठी फांद्यांचे भारेच्या भारे लागतात. ते तोडायला माणूस झाडावर चढतो, दोन्ही हातांनी खोडाला धरतो आणि कोयता पाठीमागे आकडीत असतो. वर पोचल्यावर एक हात मागे नेला की मूठ हातात येते आणि तोडून झालं की पातं न बघता परत आकडीत जातं. बाजारातल्या भल्याभल्या म्यानांना हे जमत नाही, कारण त्यांचं बटण किंवा पट्टा काढायला दुसरा हात लागतो. आकडीत धार उघडी राहते हे खरं. म्हणून कोयतेवाल्याच्या अगदी मागे चालू नये आणि तो घसरला तर त्याला मागून मिठी मारून सावरायला जाऊ नये.

राबाच्या फांद्यांवरून सरकार आणि शेतकरी यांच्यात मोठं भांडण झालेलं आहे. इंग्रजांनी जंगलं राखीव करायला घेतली तेव्हा फांद्या तोडण्यावर बंधनं आली आणि ठाणे-कुलाब्यातून तक्रारींचा पूर आला. १८८५ साली मुंबई सरकारने त्यासाठी खास आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ चा आणि त्यात राब हा एक मुख्य विषय. कर्जत त्या काळात ठाणे जिल्ह्यात मोडत होतं. कुलाब्यात ते नंतर आलं आणि कुलाब्याचा रायगड झाला १९८१ साली. जिल्हे बदलले तरी तोडायची फांदी, खाचर आणि कोयता यांचं नातं बदललं नाही. राखीव जंगलात जिवंत झाड तोडणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांना बांबूसह गौण वनोपजावर हक्क दिला. सहलीला आलेल्याला यातला कुठलाच हक्क नाही. शेकोटीसाठी ओली फांदी तोडू नये याला सौजन्य वगैरे म्हणण्याची गरज नाही, तो कायदा आहे. शिवाय ओलं लाकूड जळत नाही, नुसता धूर करतं.

कोयता कुठून घ्यावा? दुकानात रंगवलेले, लाल मुठीचे कोयते टांगलेले दिसतात. काही चांगले असतात, पण पुष्कळसे साध्या लोखंडी पट्टीचे. साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याहूनही कमी असतो, त्यामुळे कितीही तापवून पाण्यात बुडवलं तरी ते कडक होत नाही. धार लावली की दोन दिवस छान वाटतं, मग ती वळते. घिसाडी किंवा गावचा लोहार बहुधा ट्रकच्या कमानीचा पाटा वापरतो. कमानीच्या पोलादात साधारण अर्धा ते सहादशांश टक्का कार्बन असतो, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम. खड्ड्यांतून लाखो वेळा वाकून सरळ होण्यासाठी बनवलेलं हे पोलाद, म्हणून फांदीवर आदळणाऱ्या पात्याला ते फार मानवतं. भंगारातून येत असल्याने स्वस्तही पडतं.

रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याच्या भात्यासमोर थोडा वेळ उभं राहिलात तर पुस्तकात न सापडणाऱ्या दोन-तीन गोष्टी दिसतील. बाप्या सांडशीने तापलेला तुकडा ऐरणीवर धरतो आणि बहुतेक वेळा घण घालते ती त्याची बायको. पात्याला आकार आला की खरं कसब सुरू होतं, पाणी पाजण्याचं. पातं लालभडक होईपर्यंत तापवतात. पोलाद साधारण ७७० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. त्याच्याही थोडं वर नेऊन ते झटकन थंड केलं की आतली रचना बदलते आणि पोलाद काचेसारखं कडक पण ठिसूळ होतं. म्हणून जाणता लोहार सगळं पातं बुडवत नाही. फक्त धारेची बाजू पाण्यात धरतो. पाठ गरमच राहते. मग दगडाने धारेजवळ थोडी चमक काढतो आणि बघत बसतो. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे उतरते आणि चमकलेल्या पट्टीवर रंग चढत जातात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा रंग दोनशेच्या थोडं वर दिसतो, निळा तीनशेच्या आसपास. तपकिरी जांभळ्याकडे झुकला की पातं पुन्हा पाण्यात. धार कडक, पाठ चिवट. तापमापक नाही की घड्याळ नाही. पिवळ्यावरच थांबला तर बांबूच्या पेरावर धार उडेल, निळ्याच्या पलीकडे जाऊ दिलं तर ती वळेल.

पोलादाचा कडकपणा रॉकवेल मोजपट्टीच्या ‘सी’ आकड्यात सांगतात आणि सुऱ्यांच्या जाहिरातीत हा आकडा हटकून असतो. आकडा मोठा तितकी सुरी चांगली, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. तोडायच्या पात्याला पन्नाशीच्या आसपासचा आकडा पुरे, कारण तिथे चिवटपणा महत्त्वाचा. लहान सुरीला ५६ ते ६० ठीक. साठीच्या वरच्या जपानी सुऱ्या मासा कागदासारखा पातळ कापतात, पण त्यांनी हाड किंवा नारळ फोडायला घेतलात तर धारेचे टवके निघतील.

विकत घेताना आकड्यापेक्षा उपयोगी चार परीक्षा आहेत. पातं दोन बोटांत मोकळं धरून नखाने टिचकी मारा. नाद स्वच्छ आणि लांब आला तर आत बहुधा चीर नाही. धारेवर कानस हलकेच ओढा. ती घसरत गेली तर धार कडक आहे, लोण्यात रुतावी तशी रुतली तर पाणी पाजलेलंच नाही. एक डोळा मिटून पाठीच्या रेषेत बघा, म्हणजे पीळ दिसेल. चौथी परीक्षा मुठीची, आणि तीच बहुतेकजण विसरतात. पात्याचा निमुळता भाग मुठीत किती खोल गेलाय आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी शेंबी घट्ट बसली आहे का, हे पाहायचं. हिसडा मारल्यावर पातं मुठीतून सुटून उडणं हा कोयत्याचा सर्वांत भयंकर अपघात. समोर उभ्या माणसाला वेळच मिळत नाही.

आता शिकारीकडे येऊ, कारण ‘शिकारीची सुरी’ याच नावाने हा माल विकला जातो. कर्जतच्या रानात भेकर आहे, रानडुक्कर आहे, ससा आहे, बिबट्या आहे. भीमाशंकरच्या बाजूला शेकरू आहे. यांतलं काहीही मारता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा परवान्याची शिकार शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. माणसाच्या जिवाला धोका, पिकांचं नुकसान, संशोधन असे ठरावीक अपवाद आहेत, पण त्यांसाठी अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर किमान ३ वर्षांची कैद. म्हणजे ज्या कामासाठी ही सुरी बनली ते काम भारतात राहिलेलंच नाही.

तरीही तिच्या आकारात शिकण्यासारखं काही आहे. खरी शिकारीची सुरी, म्हणजे जिथे शिकार कायदेशीर आहे त्या देशांतले जाणते शिकारी वापरतात ती, मोठी नसतेच. पातं साडेतीन-चार इंच, पाठीची रेषा टोकाकडे हळूच खाली उतरलेली. टोक खाली असलं की पोट चिरताना ते आतड्यात शिरत नाही आणि मांस नासत नाही. पुढचा भाग गोलसर, म्हणजे कातडं सोलताना धार सरकत राहते. करवतीचे दाते नाहीत. सात इंची सुरीने जनावर सोलणं किती अवघड आहे ते पाहायचं असेल तर रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानासमोर उभं राहावं. आयुष्यभर हेच काम करणारा माणूस काय वापरतो? कातडं काढायला आणि मांस सुटं करायला झिजून झिजून अरुंद झालेली पातळ सुरी, आणि हाडासाठी ओंडक्यावर सत्तूर. पुन्हा तीच दोन पाती, एक हलकं आणि एक जड. मधलं माप त्याच्याकडे नाही. दर काही मिनिटांनी तो सुरी कांबेवर घासतो, बोलता बोलता, न बघता.

या भागात शिकार या शब्दाला अजून जागा उरली आहे ती पहिल्या पावसात. ओढे भरले की नदीतले मासे अंडी घालायला उलट्या पाण्याने शेतांत चढतात. हीच वलगण. रात्री बत्त्या घेऊन माणसं बांधाबांधाने फिरतात. कुणाकडे जाळं, कुणाकडे पागोळी, आणि उथळ पाण्यात सळसळणाऱ्या माशावर कोयत्याची पाठ. शिवडे, मळे, वाम, सोबत मुठे आणि चिंबोऱ्या. याच काळात रानात शेवळं उगवतात आणि कर्जत-नेरळच्या बाजारात ठाकूर-कातकरी बाया त्यांच्या जुड्या मांडून बसतात. वलगणीचा मासा पोटात अंडी घेऊन निघालेला असतो, तो सरसकट उचलला तर पुढच्या वर्षी ओढ्यात काय राहणार हा प्रश्न गावातली जुनी माणसंही विचारतात, आणि तो रास्त आहे. सुरीपुरतं बोलायचं तर वाम साफ करणं ही लहान पात्याची खरी कसोटी. बुळबुळीत मासा राखेत घोळवून धरायचा, तोंड ओलं, हात ओले, उजेड कमी. अशा वेळी मूठ घसरली की बोट जातं. गुळगुळीत पॉलिश केलेली शिसवी मूठ दुकानात सुंदर दिसते आणि इथे घात करते. खरखरीत रबर किंवा न रंगवलेलं लाकूड बरं. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली सुरी दिसायला भिकार असते, पण सुटत नाही.

लहान सुरीचं माप साधं आहे. पातं तुमच्या तळहाताच्या रुंदीएवढं किंवा जरासं जास्त, म्हणजे तीन ते चार इंच. जाडी दोन ते तीन मिलिमीटर. याहून जाड पातं टोमॅटो कापत नाही, फोडतं. सहा मिलिमीटर जाडीच्या ‘टॅक्टिकल’ सुरीने एकदा सफरचंद कापून पाहावं. सुरीच्या पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड फाडायचे व्हिडिओ पाहून लोक जाड पाती घेतात. ते तंत्र उत्तरेकडच्या बर्फाळ जंगलांतलं, जिथे बाहेरचं ओलं लाकूड फोडून आतलं कोरडं काढावं लागतं. इथे ते काम कोयता एका घावात करतो. त्याच थंड प्रदेशातले, स्वीडनमधल्या मोरा गावाच्या परंपरेतले चाकू पाहिलेत तर तेही चार इंची, पातळ आणि स्वस्त असतात. सुतार, कोळी, शिकारी, शाळकरी पोरं सगळे तोच वापरतात.

लष्करी दिसणाऱ्या सुरीची हौस असणाऱ्यांनी स्वित्झर्लंडची गोष्ट लक्षात ठेवावी. कार्ल एल्सनर याने १८८४ साली इबाख गावात कारखाना काढला आणि १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवू लागला. पुढे हीच कंपनी व्हिक्टोरिनॉक्स झाली. त्या पहिल्या सैनिकी चाकूत काय होतं? एक पातं, डबा उघडायची पट्टी, भोक पाडायची आरी आणि रायफल खोलण्यासाठी स्क्रू ड्रायव्हर. सैनिकाला चाकू लागायचा तो जेवायला आणि बंदूक साफ करायला.

घडीचा चाकू की सलग पात्याचा? खिशासाठी घडीचा सोयीचा, पण कर्जतच्या लाल चिखलात त्याच्या सांध्यात माती शिरते आणि कुलूप अर्धवट बसतं. अर्धवट बसलेलं कुलूप दाब पडला की सुटतं आणि पातं बोटांवर मिटतं. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला फिरणारी कडी असते. कुलूप म्हणून ती उत्तम, पण लाकडी मूठ पावसात फुगली की पातं उघडतच नाही. पावसाळ्यात रानात जायचं असेल तर सलग पातंच घ्यावं.

आणि पाऊस म्हणजे इथे साधी गोष्ट नाही. माथेरानवर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खालच्या खोऱ्यांतही तो भरपूर असतो. साध्या कार्बन पोलादाच्या सुरीला एका रात्रीत तांबूस डाग पडतात. लहान सुरी म्हणून स्टेनलेस घ्यावी. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याचा अदृश्य पापुद्रा पृष्ठभागावर धरतो आणि तो गंज अडवतो. ‘स्टेनलेसला धार राहत नाही’ ही तक्रार जुन्या स्वस्त मालाच्या काळातली, आजच्या चांगल्या स्टेनलेसला लागू नाही. कोयता मात्र कार्बन पोलादाचाच बरा. तो जाड आहे, रोज वापरात राहतो, गंजला तरी दगडावर दोन हात मारले की साफ होतो, आणि त्याची धार उडाली तर कुठलाही लोहार तो तापवून शेवटून देतो. स्टेनलेसला लोहार हात लावणार नाही. घरी आल्यावर पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवला की पुरे. चामड्याची म्यान देखणी असते पण ओली झाली की दिवसेंदिवस ओलच धरून ठेवते, आणि सुरी गंजते ती तिथेच, घरी कपाटात. पावसाळ्यात तळाला भोक असलेली प्लॅस्टिकची म्यान वापरा.

धार लावायला पुष्कळ उपकरणं मिळतात. दोन चाकांमधून पातं ओढायचं खेळणं घेऊ नका, ते धातू खरवडून काढतं. एका बाजूला भरड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असा कुरुंदाचा दगड पुरेसा आहे. दगड भिजवा, सुरी सुमारे वीस अंशांच्या कोनात टेकवा, धार पुढे ठेवून दगडाचा पातळ पापुद्रा काढताय असा हात चालवा. कोन शेवटपर्यंत तोच राहिला पाहिजे, जोर नको. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूला बारीक कंगोरा बोटाला लागला की बाजू बदला. कोयत्याला कोन मोठा ठेवा, पंचवीस ते तीस अंश. बारीक धार तोडताना टिकत नाही. वाडीत कोयता ओढ्याकाठच्या दगडावर पाजवतात आणि त्या दगडाला वर्षानुवर्षांची खोबण पडलेली दिसते. बोथट सुरी जास्त कापते, हे कुणाही डॉक्टरला विचारा. ती घसरते, माणूस जोर लावतो आणि मग ती नको तिथे जाते.

कायद्याचं थोडं. शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या वर्गात मोडतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. शेतकऱ्याच्या कमरेचा कोयता याच वाक्यामुळे सुरक्षित आहे. पण तोच कोयता तुमच्या मोटारीच्या सीटखाली सापडला तर ‘शेतीसाठी’ हे उत्तर पटवणं कठीण जाईल, विशेषतः पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांनंतर. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचा आदेश निघतो तेव्हा हत्यार घेऊन फिरण्यावरच बंदी असते, मापाचा प्रश्न येत नाही. आणि भीमाशंकरच्या वाटेवरच्यांसाठी खास गोष्ट. १९८५ पासून ते अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि त्याच कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाण, फासे, जाळी यांच्या पंक्तीत सुरी नाव घेऊन बसलेली आहे. मापाची सूट तिथे नाही. कांदा कापायच्या सुरीवरून कुणी अडवेल असं नव्हे, पण सात इंची काळ्या म्यानावरून अडवलं तर वनरक्षकाशी वाद घालू नये, तो बरोबर आहे.

सुरीचा एक उपयोग मात्र पूर्णपणे काढून टाका. साप चावला की जखमेवर चीर देऊन रक्त काढायचं, ही सिनेमातली रीत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, यांपैकी कशाच्याही दंशावर ती उपयोगी नाही. विष अशा रीतीने बाहेर येत नाही, आणि घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, त्यामुळे तुम्ही दिलेली चीर थांबता थांबत नाही. आवळपट्टीही नको. अंगठी, घड्याळ काढायचं, अवयव हलू द्यायचा नाही आणि माणसाला उचलून सरकारी रुग्णालयात न्यायचं. प्रतिसर्पविष तिथे मिळतं.

शेवटी मुठीबद्दल. धामणीच्या किंवा बाभळीच्या लाकडाची मूठ उन्हाळ्यात आकसते आणि शेंबी सैल होते. पुष्कळजण ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, मूठ घट्ट वाटते आणि दोन दिवसांनी वाळून पहिल्यापेक्षा सैल होते. त्यापेक्षा पातं काढून, त्याचा मुठीतला भाग गरम करून लाखेत बसवावा आणि वरून शेंबी ठोकावी. हे उन्हाळ्यातच करून घ्यावं, कारण पाऊस सुरू झाल्यावर लोहाराकडे विळ्यांची रांग असते आणि तुमचा नंबर भात लावून झाल्यावर लागतो.